एबी फॉर्म नसलेली निवडणूक : मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्ष कसे लढतात

आपल्याकडे निवडणूक लागली की पहिला गदारोळ तिकिटाचा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याच्या हातात एबी फॉर्म, तो पक्षाचा उमेदवार. बाकीचे एकतर बंडखोर, नाहीतर घरी. पक्षाची निम्मी ताकद त्या दोन कागदांत असते.

अमेरिकेत गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत हे दोन कागद नाहीतच. पक्षाचा प्रदेशाध्यक्ष कितीही वजनदार असला तरी ‘हा आमचा उमेदवार’ असं म्हणून विषय संपवता येत नाही. ते मतदार ठरवतात, प्रायमरी नावाच्या वेगळ्या सरकारी मतदानात. मग पक्षाच्या हातात उरतं काय, आणि डावपेच आखायचे ते कशाच्या जोरावर? मिशिगन या एका राज्यावरून हे चांगलं कळतं. तिथे दोन्ही पक्षांचं बळ अगदी तुल्यबळ आहे. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी हे राज्य फक्त १०,७०४ मतांनी जिंकलं होतं. शिवाय गव्हर्नरपदाच्या २०१८ आणि २०२२ या दोन निवडणुकांत जवळजवळ प्रत्येक डावाचा आणि प्रत्येक फजितीचा नमुना सापडतो. आणि त्यातल्या पहिलीत चक्क बेळगावात वाढलेला मराठी माणूस रिंगणात होता.

गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे

मराठी बातम्यांत ‘मिशिगनच्या राज्यपाल’ असं सर्रास छापून येतं. शब्दकोशाच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण त्याने वाचकाची दिशाभूल होते. आपला राज्यपाल नेमला जातो; तिथला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्य चालवतो. मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारं हे पद आहे, फक्त त्याच्यावर अविश्वास ठराव आणता येत नाही आणि आमदार फोडून त्याला खाली खेचता येत नाही. मुदत चार वर्षांची. १९९२ च्या घटनादुरुस्तीमुळे मिशिगनमध्ये एका माणसाला आयुष्यात दोनदाच हे पद मिळतं. सर्वांत जास्त मतं ज्याला तो जिंकला. पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरी नाही.

निवडणूक येते ती राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षी, म्हणजे २०१८, २०२२, २०२६ अशी. याला महत्त्व आहे. मधल्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या सत्ताधारी पक्षावरचा राग निघतो. ओबामा असताना २०१० मध्ये रिपब्लिकन रिक स्नायडर जिंकले, ट्रम्प असताना २०१८ मध्ये डेमोक्रॅट ग्रेचेन व्हिटमर. हा हिशोब धरला तर बायडेन असताना २०२२ मध्ये व्हिटमर पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या साडेदहा टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. ते कसं झालं, याचं निम्मं उत्तर एप्रिल महिन्यातल्या कागदांत आहे.

पंधरा हजार सह्या

प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला गव्हर्नरपदाच्या पक्षीय उमेदवाराला किमान १५,००० वैध मतदारांच्या सह्या द्याव्या लागतात. जास्तीत जास्त ३०,००० देता येतात. त्यातही अट अशी की अमेरिकी काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, राज्यात जे मतदारसंघ आहेत त्यांतल्या निदान निम्म्यांतून प्रत्येकी १०० सह्या हव्यात. म्हणजे नुसत्या डेट्रॉईटमधून गोळा करून भागत नाही.

सही बाद व्हायला फार मोठं काही घडावं लागत नाही. सही करणाऱ्याचं नाव मतदारयादीत नसणं हे तर उघडच. पण पत्रकाच्या डोक्यावर उमेदवाराची माहिती चुकीची भरली असेल तर ते आख्खं पत्रक जातं. ज्याने सह्या गोळा केल्या त्याने खाली स्वतःची सही आणि तारीख टाकायची असते, आणि ती तारीख मतदाराच्या तारखेच्या आधीची निघाली तर ती मतदाराची सही गेली. मार्चच्या थंडीत किराणा दुकानाच्या दारात उभं राहून काम करणारा माणूस कुठेतरी चुकणारच. म्हणून जाणते लोक २२ ते २५ हजार सह्या जमवून मग अर्ज भरतात, आणि त्याआधी घरच्या घरी एकेक ओळ मतदारयादीशी ताडून पाहतात.

२०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून दहा जणांनी अर्ज भरले. शेवटची वेळ १९ एप्रिल, दुपारी चार. सर्वेक्षणांत सर्वांत पुढे होते डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग. स्वतःचा भरपूर पैसा घेऊन उतरलेले उद्योजक पेरी जॉन्सन हे दुसरं मोठं नाव. क्रेग यांनी २१,३०५ सह्या दिल्या, वैध ठरल्या १०,१९२. जॉन्सन यांनी २३,१९३ दिल्या, वैध ठरल्या १३,८००. दोघेही गेले, आणि आणखी तिघे त्यांच्याबरोबर गेले. दहातले पाच उमेदवार एकही मत पडायच्या आधी बाद.

यात झालं काय ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सह्या गोळा करायचं काम उमेदवार कंत्राटावर देतात. कंत्राटदार पुढे माणसं लावतो आणि पैसे दर सहीमागे मिळतात. आता एका खोलीत पाच-सहा जण टेबलाभोवती बसले आहेत असं समजा. एकाने पत्रकाच्या पहिल्या ओळीत कुणाचं तरी नाव, पत्ता लिहून सही ठोकली आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवला. त्याने दुसरी ओळ भरली. कागद फिरत राहतो, प्रत्येक ओळीचं अक्षर वेगळं दिसतं आणि वरवर सगळं खरं वाटतं. अमेरिकी निवडणूक खात्यात या प्रकाराला ‘राउंड टेबलिंग’ म्हणतात. फसतं कुठे? दहा-बारा पत्रकं शेजारी शेजारी ठेवली की तीच पाच-सहा अक्षरं आलटून पालटून दिसायला लागतात. नावं जुन्या याद्यांतून उचललेली असतात, त्यामुळे वारलेले लोक आणि कधीचेच घर बदलून गेलेले लोक सह्या करताना सापडतात. आणि पत्रक थंडीत, पावसात, दहा हातांतून फिरून आलेलं असायला हवं, तर ते कोरं करकरीत असतं, घडीसुद्धा नसते.

मिशिगनच्या निवडणूक खात्याला असे ३६ सह्या-गोळा-करणारे सापडले. वेगवेगळ्या उमेदवारांच्या पत्रकांत मिळून त्यांनी दिलेल्या निदान ६८,००० सह्या खोट्या असल्याचं खात्याने म्हटलं. त्यांची काही पत्रकं नमुन्यादाखल यादीशी ताडून पाहिली आणि मग त्यांनी आणलेलं सगळंच बाजूला काढलं. ‘एकेक सही तपासा’ असं म्हणत जॉन्सन कोर्टात गेले. उपयोग झाला नाही. उमेदवारांनीच खोट्या सह्या करवून घेतल्या असं खात्याने म्हटलं नव्हतं. ते फसवले गेले होते, पण माल तपासून घेण्याची जबाबदारी त्यांचीच होती.

यात विरोधी पक्षाचं काम काय? अर्जाची मुदत संपली की पुढचे सात दिवस हरकती घेता येतात. डेमोक्रॅटिक बाजूचे वकील आणि कार्यकर्ते नेमके याच सात दिवसांसाठी तयार बसलेले होते. हरकतींवर निर्णय देणाऱ्या राज्य मंडळात दोन्ही पक्षांचे दोन-दोन सदस्य असतात. २६ मे रोजी तिथे मतं २-२ अशी फुटली. बरोबरी झाली की नाव मतपत्रिकेवर जात नाही, म्हणजे बरोबरी हाच निकाल. जून उजाडताच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हात वर केले. क्रेग यांनी मग मतपत्रिकेवर नाव हाताने लिहा असा प्रचार केला. मतं मिळाली दोनेक टक्के.

आपल्याकडे छाननीत अर्ज बाद होतात ते बहुतेक अपक्षांचे. इथे मात्र एका मोठ्या पक्षाचा आघाडीवरचा उमेदवार छाननीत गेला, आणि प्रदेश पक्षाला बघत बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. बदली उमेदवार देण्याची सोयच नाही. एबी फॉर्म असता तर रातोरात दुसरं नाव भरलं असतं.

एका कागदावर दोन पक्ष

प्रायमरी ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी असते. तो एक तारखेला आला तर आठवडाभर पुढे. मिशिगनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही. त्यामुळे मतदाराला एकच मतपत्रिका मिळते आणि तिच्यावर पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात. कुठल्याही एका पक्षाच्या रकान्यात खुणा करायच्या. गव्हर्नरसाठी इकडे आणि सिनेटसाठी तिकडे अशी सरमिसळ केली की पक्षीय पदांचा सगळा भाग बाद. दर प्रायमरीत अशा मतपत्रिका निघतात, म्हणून दोन्ही पक्ष ऑगस्टमध्ये ‘एकाच रकान्यात राहा’ हे सांगण्यात बराच वेळ घालवतात.

पक्ष ही संस्था प्रायमरीत सहसा उघड बाजू घेत नाही. घेतात ते पक्षाभोवतीचे लोक. डेमोक्रॅटिक बाजूला कामगार संघटना, विशेषतः मोटार कामगारांची. रिपब्लिकन बाजूला देणगीदार घराणी आणि अलीकडे ट्रम्प. मैदान आधीच मोकळं करणं हा पहिला डाव. व्हिटमर यांनी २०१८ च्या निवडणुकीसाठी २०१७ च्या जानेवारीतच उमेदवारी जाहीर केली ती याचसाठी, की बाकीच्यांनी विचार करायच्या आत संघटना आणि देणगीदार आपल्याकडे यावेत.

तरी दोघे उतरलेच. एक डॉक्टर अब्दुल एल-सय्यद आणि दुसरे श्री ठाणेदार. ठाणेदार जन्माने चिकोडीचे, वाढले बेळगावात. रसायनशास्त्रात अमेरिकेत डॉक्टरेट करून पुढे उद्योजक झाले. राजकारणात नवखे, पक्षात ओळखी नाहीत, संघटना पाठीशी नाही. त्यांनी तो तोटा पैशाने भरून काढायचं ठरवलं: स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि बाकीचे उमेदवार पैसे राखून बसले असताना वर्षाच्या सुरुवातीलाच टीव्हीवर उतरले. काही सर्वेक्षणांत ते व्हिटमर यांच्या बरोबरीला, क्वचित पुढेही दिसले. पक्षातल्या जुन्या लोकांची तेव्हा झोप उडाली होती.

ऑगस्टचा निकाल वेगळा लागला. व्हिटमर ५२ टक्के, एल-सय्यद ३०, ठाणेदार १७.७. टीव्हीने नाव घराघरात जातं, पण जुलैत बाकीचेही टीव्हीवर आले की ती आघाडी विरघळते. त्यानंतर दार ठोठावणारी माणसं लागतात, आणि ती भाड्याने फार मिळत नाहीत. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. डेट्रॉईट शहरात ठाणेदार पहिले आले होते. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेलं, डेमोक्रॅटिक पक्षाचं हक्काचं शहर, आणि तिथे पक्षाची विजयी उमेदवार मागे. (ठाणेदारांनीही तो आकडा वाया जाऊ दिला नाही. २०२० मध्ये ते डेट्रॉईटमधून राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये.)

व्हिटमर यांनी दोन आठवड्यांत दुरुस्ती केली. उपगव्हर्नरपदासाठी त्यांनी डेट्रॉईटचे तरुण कृष्णवर्णीय संगणक अभियंते गार्लिन गिलख्रिस्ट यांना निवडलं. तिकिटाचा खरा समतोल साधला जातो तो इथे. उपगव्हर्नर प्रायमरीत निवडला जात नाही; ऑगस्टअखेरच्या पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी त्याच्यावर शिक्का मारतात.

आणि या अधिवेशनात पक्षाचे कार्यकर्ते आपला हिशोब चुकता करू शकतात. ॲटर्नी जनरल (राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी) आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुका पाहणारा अधिकारी) या पदांचे उमेदवारही अधिवेशनातच ठरतात, मतदार नव्हे तर प्रतिनिधी ठरवतात. हे प्रतिनिधी बूथ पातळीवर निवडले जातात आणि तिथे मूठभर मतांत काम होतं. त्यामुळे एखादा जोशातला गट दोन वर्षं चिकाटीने बूथ भरत गेला तर अधिवेशन त्याच्या खिशात. २०२२ च्या एप्रिलमध्ये रिपब्लिकन पक्षात तेच झालं. २०२० ची निवडणूक चोरली गेली असं मानणाऱ्यांनी मॅथ्यू डिपर्नो आणि क्रिस्टिना कारामो यांना या दोन पदांसाठी पुढे केलं. ऑगस्टमध्ये तर गव्हर्नरपदाच्या उमेदवार ट्यूडर डिक्सन यांच्या पसंतीच्या उपगव्हर्नरालाही अधिवेशनात आव्हान मिळालं. तो कसाबसा तरला. नोव्हेंबरमध्ये कारामो १४ टक्क्यांनी पडल्या. मतपत्रिकेवर वरच्या-खालच्या ओळीत असे सोबती असले की गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला रोज त्यांच्याबद्दलच उत्तरं द्यावी लागतात.

पैसा किती यापेक्षा कुणाच्या खात्यात

२०२२ मध्ये एका माणसाला गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला जास्तीत जास्त ७,१५० डॉलर देता येत होते. उमेदवाराने स्वतःचे कितीही घालावेत, त्याला मर्यादा नाही. बाहेरच्या गटांनी उमेदवाराशी संगनमत न करता कितीही खर्च करावा, त्यालाही नाही. दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांच्या राष्ट्रीय संघटना याच वाटेने पैसा ओततात.

मग उमेदवाराच्या खात्यात पैसा असो की बाहेरच्या गटाच्या, फरक काय? फरक टीव्हीच्या दरात आहे. केंद्रीय कायद्यानुसार प्रायमरीआधी ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधी ६० दिवस वाहिन्यांना उमेदवाराकडून त्या वेळेचा सर्वांत कमी दर घ्यावा लागतो. बाहेरच्या गटाला बाजारभाव, आणि ऑक्टोबरमध्ये बाजारभाव चढलेला असतो. म्हणजे तीच तीस सेकंदं दुसऱ्याला कितीतरी महाग पडतात. शिवाय संगनमताला बंदी असल्याने बाहेरचा गट उमेदवाराला हवं तेच बोलेल याची खात्री नाही. यावर पळवाट अशी: उमेदवार स्वतःच्या संकेतस्थळावर ‘मतदारांना हे कळायला हवं’ अशी टिपणं टाकतो आणि यूट्यूबवर आवाज नसलेली छान चित्रफीत ठेवतो: शाळेत मुलांशी बोलताना, कारखान्यात हेल्मेट घालून. ज्याने समजायचं तो समजतो.

मिशिगनची एक खास पळवाट व्हिटमर यांनी वापरली. कुणी गव्हर्नरला परत बोलावण्याची मोहीम सुरू केली असेल तर तिला तोंड देण्यासाठी देणग्यांची मर्यादा उठते, असा जुना नियमार्थ आहे. २०२१ मध्ये अशा किरकोळ मोहिमा सुरू होत्या, एकही मतदानापर्यंत जाण्यासारखी नव्हती. तेवढ्या आधारावर बड्या देणगीदारांचे लाखालाखाचे धनादेश घेतले गेले. रिपब्लिकन पक्षाने कोर्ट गाठलं. शेवटी मर्यादेच्या वरची तीस लाख डॉलरहून जास्त रक्कम प्रचाराच्या खात्यातून काढावी लागली. ती गेली कुठे? मुख्यतः राज्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे. नियम पाळला आणि पैसा घरातच राहिला.

दुसऱ्या बाजूला सह्यांच्या घोटाळ्याने रिपब्लिकनांचा सगळा पैशाचा हिशोब विस्कटला. बडे देणगीदार कुणावर पैसे लावायचे हे ठरेना म्हणून थांबले. ट्रम्प यांनी डिक्सन यांना पाठिंबा दिला तो प्रायमरीच्या जेमतेम चार दिवस आधी. डिक्सन सुमारे ४० टक्के मतांनी जिंकल्या, पण ऑगस्टच्या शेवटी त्यांच्या खात्यात सुमारे ५ लाख डॉलर होते आणि व्हिटमर यांच्याकडे सुमारे १ कोटी ४० लाख. प्रायमरी संपल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे फार मोलाचे असतात, कारण नवा उमेदवार कोण आहे हे लोकांना त्याच काळात कळतं. त्या काळात टीव्हीवर डिक्सन यांची ओळख डिक्सन यांनी नाही, विरोधकांनी करून दिली.

मतपत्रिकेवरचा दुसरा प्रश्न

ओळख कोणत्या मुद्द्यावर करून दिली? गर्भपाताच्या. २४ जून २०२२ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. मिशिगनच्या कायद्याच्या पुस्तकात १९३१ चा बंदीचा कायदा तसाच पडून होता. व्हिटमर यांनी निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच त्याविरुद्ध दावा लावला होता. डिक्सन यांनी बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही सूट नको, अशी भूमिका मुलाखतीत घेतलेली होती आणि ती ध्वनिमुद्रित होती. जाहिरातीला याहून जास्त काही लागत नाही.

मात्र डावपेचाच्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळी आहे. मिशिगनमध्ये नागरिक सह्या गोळा करून घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणू शकतात. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १० टक्के सह्या लागतात. २०२२ साठी तो आकडा ४,२५,०५९ होता. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने असलेल्यांनी ७,५३,७५९ सह्या दिल्या. एवढ्या यापूर्वी कुणी दिल्या नव्हत्या.

तरी ३१ ऑगस्टला तेच राज्य मंडळ पुन्हा २-२ असं फुटलं. कारण? छापलेल्या मजकुरात काही ओळींत दोन शब्दांमधली जागा इतकी कमी पडली होती की शब्द एकमेकांना चिकटून गेल्यासारखे दिसत होते. हे शब्दच नव्हेत, असा आक्षेप. ८ सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव मतपत्रिकेवर घ्यायला लावला. साडेसात लाख सह्या आणि अडकल्या कुठे, तर टंकजुळणीच्या मोकळ्या जागेत.

असा प्रस्ताव उमेदवाराला तीन तऱ्हांनी उपयोगी पडतो. मधल्या वर्षी घरी बसणारे मतदार, विशेषतः तरुण, त्याच्यासाठी बाहेर पडतात. प्रस्तावाच्या समितीला देणग्यांची मर्यादा नसते, त्यामुळे उमेदवाराला जे पैसे घेता येत नाहीत ते तिथे येतात आणि तीच दारं ठोठावली जातात. आणि विरोधकाला रोज एकच प्रश्न विचारला जातो. डिक्सन यांनी शेवटी सांगून पाहिलं की प्रस्तावाला हवं तर होकार द्या आणि तरी मला मत द्या. हिशोब चुकीचा नव्हता, प्रस्तावाला ५६.७ टक्के मतं पडली आणि व्हिटमर यांना ५४.५, म्हणजे तसं करणारे काही निघालेच. पण पुरेसे नाही निघाले.

याचं जुनं मूळ २०१८ मध्ये आहे. त्या वर्षी मतदारसंघांच्या सीमा आखण्याचं काम विधिमंडळाकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे देणारा प्रस्ताव असाच सह्यांतून आला आणि मंजूर झाला. आयोगाने आखलेल्या नव्या सीमांवर २०२२ ला पहिल्यांदा मतदान झालं. डेमोक्रॅट्सना खालच्या सभागृहात ५६ विरुद्ध ५४ आणि वरच्यात २० विरुद्ध १८ असं काठावरचं बहुमत मिळालं. गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं एकाच वेळी त्यांच्याकडे येण्याची ही सुमारे ४० वर्षांतली पहिली वेळ. चार वर्षांपूर्वी पेरलेलं असं उगवलं.

कोण आलं, कोण राहिलं

२०२० मध्ये मिशिगनमध्ये सुमारे ५५ लाख लोकांनी मत दिलं, २०२२ मध्ये सुमारे ४५ लाख. मधल्या वर्षी दहा लाख लोक घरी राहतात. पक्षाचं शेवटच्या दोन महिन्यांचं काम म्हणजे ते दहा लाख आपले नसावेत हे पाहणं.

पक्षनोंदणी नसल्यामुळे कोण आपला हे यादीत लिहिलेलं नसतं. एक फट मात्र आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत मतदाराला कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगावं लागतं, आणि ती नोंद पक्षांना मिळते. त्यावर वय, वस्ती, आधी कधी कधी मत दिलं हे चढवून प्रत्येक मतदाराला शून्य ते शंभर असे दोन गुण दिले जातात: आपल्याला मत देण्याची शक्यता किती आणि मतदानाला येण्याची शक्यता किती. दोन्ही गुण शंभराजवळ असलेल्यांच्या दारात जाणं म्हणजे वेळेची नासाडी. पहिला गुण ऐंशी आणि दुसरा चाळीस, असे लोक शोधायचे. नवे कार्यकर्ते नेमकं उलटं करतात. जिथे चहापाणी होतं, त्या घरी तासभर बसतात.

२०१८ च्याच एका प्रस्तावाने कारण न देता टपालाने मत द्यायची मुभा दिली. तेव्हापासून मतदान एका दिवसाचं राहिलं नाही. मतपत्रिका चाळीस दिवस आधीपासून मिळतात. कुणी मागवली, कुणाची परत आली, ही यादी पक्षांना रोजच्या रोज मिळते. मागवलेली आहे पण आलेली नाही, अशा नावांमागे कार्यकर्ते फोन करकरून लागतात. ज्याची आली त्याचं नाव खोडायचं आणि पुढच्याकडे जायचं. आपल्याकडचा पन्नाप्रमुख मतदानाच्या दिवशी दुपारी जे करतो, तेच हे, फक्त सहा आठवडे चाललेलं.

भूगोल पाहिला तर राज्यात ८३ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, असले तरी गाडी तीन-चार ठिकाणीच अडते. डेट्रॉईटच्या उत्तरेची ओकलंड काउंटी, जिथल्या नोव्हाय, ट्रॉय भागात मराठी कुटुंबंही बरीच आहेत, आता डेमोक्रॅटिक बाजूला चांगलीच झुकली आहे. तिच्या शेजारची मॅकम काउंटी जास्त बोलकी आहे. मोटार कारखान्यांतल्या कामगारांची ही वस्ती २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेली, आणि मधल्या २०१८ आणि २०२२ मध्ये व्हिटमर यांच्याकडे. तिथे व्हिटमर यांनी विचारसरणीवर भाषणं केली नाहीत. २०१८ ची त्यांची घोषणा रस्ते दुरुस्त करण्याची होती, तीही एका सौम्य शिवीसकट. मिशिगनच्या हिवाळ्यानंतरचे खड्डे ज्याने पाहिलेत त्याला ती शिवी सौम्यच वाटेल.

अपक्षाचं गणित

२०२६ मध्ये व्हिटमर यांना उभं राहता येणार नाही. डेट्रॉईटचे तेव्हाचे डेमोक्रॅटिक महापौर माइक डगन यांनी २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केलं की आपण या पदासाठी अपक्ष लढणार. त्यामागचा विचार सरळ आहे: प्रायमरीत कट्टर मतदार येतात, तिथे मधला माणूस हरतो, मग प्रायमरी टाळा आणि थेट नोव्हेंबरमध्ये उतरा. पन्नास टक्क्यांची अट नसल्यामुळे तिघांत ३५-३६ टक्केही पुरू शकतात. डेमोक्रॅट्सची धास्तीही तेवढीच सरळ: डेट्रॉईट फुटलं तर रिपब्लिकन उमेदवाराला मतं न वाढवता विजय मिळेल.

कागदाने अडण्याचा अनुभव डगन यांना आहे. २०१३ मध्ये महापौरपदाचा अर्ज त्यांनी शहरात राहायला येऊन वर्ष पुरं व्हायला दोन आठवडे असताना भरला. अंतिम मुदतीला अजून अवकाश होता. थांबले असते तर चाललं असतं. कोर्टाने नाव काढलं. मग त्यांनी लोकांना नाव हाताने लिहायला लावलं, त्यातही साधारण तसाच उच्चार असलेल्या नावाचा एक न्हावी रिंगणात आला, आणि तरी ते प्रायमरीत पहिले येऊन पुढे महापौर झाले.

गव्हर्नरपदाच्या वेळी आडवी येते ती मतपत्रिकेची पहिली ओळ. मिशिगनच्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर सगळ्यात वर पक्षांची नावं असतात, आणि त्यातलं एक वर्तुळ काळं केलं की खालच्या सगळ्या पक्षीय पदांची मतं एका फटक्यात त्या पक्षाला जातात. घाईत असलेले, रांगेत ताटकळलेले लाखो मतदार तेवढंच करून कागद यंत्रात सरकवतात. अपक्षाला त्या ओळीत जागा नसते. वर पक्षाचं वर्तुळ भरलं तरी खाली एखाद्या पदासाठी वेगळी खूण करता येते आणि ती मोजली जाते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. म्हणून अपक्ष उमेदवाराच्या कार्यकर्त्याला दारात उभं राहून आधी धोरण नाही, नमुना मतपत्रिका दाखवावी लागते आणि बोट ठेवून सांगावं लागतं की वरचं काय करायचं ते करा, पण या ओळीपर्यंत खाली या.